पाऊण वाजताची भरती

मालवणच्या बंदरात, सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट समोर दिसतोय अशा जागी, आम्ही तीन कोल्हापूरकर चार मीटर लांबीच्या होडीत दीड तास बसून होतो. होडी चालत नव्हती. शीड वर होतं, पण दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखं लोंबत होतं. किल्ल्यावर प्रवासी नेणारी इंजिनाची होडी आमच्या बाजूनं फटफटत गेली, तेव्हा प्रवाशांनी हात हलवले. परत येताना त्यांनी आमचे फोटो काढले. पुढच्या एका खेपेला, किल्ला बघून माघारी निघालेली एक नऊवारीतली आजी काठावर वाकून काळजीनं म्हणाली, "आजून हितंच हायसा व्हय रं पोरांनो?" आजी आमच्याच मुलखातली होती. पोरांची वयं अठ्ठेचाळीस, एक्कावन्न आणि चोपन्न.

थोड्या वेळानं एक म्हातारे मच्छीमार वल्ही मारत जवळून चालले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग शिडाकडे, मग आभाळाकडे.

"वारो पडलो हा. साडेअकरा-बाराक येतलो. तवसर न्याहारी करा."

आमच्यातल्या फाउंड्रीवाल्यानं विचारलं, "काका, वाऱ्याची वेळ तुम्हाला कशी काय ठाऊक?"

"तुमका यष्टीची वेळ कशी म्हायती असता?" असं म्हणून ते निघून गेले.

आम्ही डबा उघडला. भाकरी, झुणका, खर्डा. अकरा चाळीसला पश्चिमेकडच्या पाण्याचा रंग बदलला. तेलकट, चकचकीत पाण्यावर दूरवर एक गडद पट्टा उमटला आणि तो आमच्याकडे सरकू लागला. पट्टा होडीपर्यंत पोचला तसं शीड एकदा फडफडलं, ताठ झालं, होडी कलली आणि खर्ड्याचा डबा समुद्रात गेला.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी कोल्हापूरच्या लेखकाला विषय दिला, "नाद". त्यांच्या मनात कुस्ती असणार, फुटबॉल असणार, निदान तांबडा रस्सा तरी. मी त्यांना कळवलं की मी एका शिडाच्या होडीचा एक पंचमांश मालक आहे. कोणता पंचमांश, ते अजून ठरलेलं नाही. खर्चाची वेळ आली की बहुधा तळाचा असतो.

चौपाटी आहे, समुद्र नाही

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे. समुद्र आणि आमच्यात सह्याद्री उभा. तरी आमच्याकडे चौपाटी आहे. रंकाळ्याच्या काठाला आम्ही बिनदिक्कत चौपाटी म्हणतो, तिथं भेळ खातो आणि संध्यामठाकडे बघत वारा घेतो. रंकाळ्यात पायानं पॅडल मारायच्या होड्या चालायच्या, त्यात बसून पोरगी पटवायला गेलेला आमचा एक मित्र पुढं होडीचा भागीदार झाला. त्याचं लग्न दुसरीकडेच झालं, पण पाण्याचं वेड तिथंच लागलं असं तो सांगतो.

नाद या शब्दाला कोल्हापुरात जितकी इज्जत आहे तितकी दुसरीकडे नसावी. कबुतरं पाळणारा, बुलेटची टाकी रोज पुसणारा, तालमीच्या फुटबॉल संघासाठी दुकान बंद ठेवणारा, असा प्रत्येकजण इथं नादिष्ट असतो आणि त्याचं कौतुकच होतं. दिवाळीच्या पाडव्याला तर म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवलेली, त्यांवर मोरपिसं, गळ्यात कवड्या. पुढं मालकाची मोटरसायकल, सायलेन्सर काढलेली. तिच्या आवाजामागं ती जाडजूड म्हैस वाघ पाठीशी लागल्यासारखी धावत सुटते. बाहेरगावचा माणूस हे पाहून अवाक होतो. कोल्हापूरकराला त्यात विचारण्यासारखं काही दिसत नाही.

तेव्हा चार-पाच मित्रांनी मिळून एखादी होडी घेतली, तर नवल कसलं? मुंबईकडच्या एका क्लबानं मोडीत काढलेली ही होडी आम्हाला जुन्या दुचाकीच्या भावात मिळाली. जात एंटरप्राइज. इंग्लंडच्या जॅक होल्टनं १९५६ साली आखलेली, निळ्या शिडांची, दोन माणसांनी चालवायची. मुळात ती घरच्या घरी प्लायवूडमधून जोडता यावी अशी बेतलेली. लांबी चार मीटर, नुसत्या सांगाड्याचं वजन नव्वद-पंच्याण्णव किलो. तिच्या प्रसिद्धीसाठी सुरुवातीलाच दोन होड्या रात्री इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सला नेल्या होत्या. आम्ही हे वाचलं आणि आम्हाला वाटलं, मग मालवण ते देवबाग म्हणजे काय?

घरी मात्र आम्ही "यॉट घेतली" असं सांगितलं. यॉट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरं जहाज, पोहायचा हौद आणि उद्योगपती येतात. पहिल्यांदा होडी पाहायला आलेल्या माझ्या बायकोनं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "बाकीची कुठाय?"

होडी टेम्पोवर उलटी बांधून पुण्याकडून कोल्हापूर, मग राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली अशी नेली. घाटात उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो. चहाच्या टपरीवर एकानं पाण्याची टाकी म्हणून भाव विचारला. दुसऱ्याला ती ढोरांची गव्हाण वाटली. होडी असल्याचं कुणाच्याही मनात आलं नाही. फोंडा उतरल्यावर मात्र पहिल्याच माणसानं ओळखलं आणि डोलकाठी कुठे ते विचारलं.

कोल्हापूरचं आरमार

मालवणात आमची थट्टा होऊ लागली की आमचा सराफ मित्र इतिहास काढतो. ते आमचं शेवटचं हत्यार आहे. आणि गंमत अशी की ते बोथट नाही.

अठराव्या शतकात मालवण आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होते. घाटमाथ्यावर बसून कोल्हापूर समुद्रावर आरमार राखत होतं. गलबतं आणि गुराबा मालवणातून निघायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापारी जहाजांकडून आपला हक्क वसूल करायच्या. इंग्रजांच्या कागदांत या मंडळींना चाचे म्हटलंय. ज्याचं जहाज लुटलं जातं तो दुसरं काय म्हणणार? १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं आणि पुढच्याच वर्षी पैसे घेऊन तो कोल्हापूरला परत केला. ते नाव गावात कुणाच्या तोंडी बसलं नाही. अखेर १८१२ च्या तहात मालवण कायमचं इंग्रजांकडे गेलं आणि कोल्हापूरचा समुद्र सुटला.

सराफ हे असं सांगतो की जणू परवाच त्याच्या दुकानासमोर घडलं. "दोनशे वर्षांचा खंड पडलाय, एवढंच," तो म्हणतो. किल्ल्यात राजाराम महाराजांनी बांधलेलं श्रीशिवराजेश्वराचं मंदिर आहे. तिथली शिवरायांची मूर्ती बिनदाढीची आहे आणि डोक्यावरची टोपी नावाड्याची आहे असं सांगतात. सराफानं त्या टोपीसारखी टोपी शिवून घ्यायची ठरवली होती. आम्ही कसाबसा आवरला.

आमच्याकडे होडी ठेवायला जागा दिलेले मालवणचे तात्या हा इतिहास शांतपणे ऐकून घेतात. एकदा म्हणाले, "तुमचा आरमार होता खरा. पण होडयो हाकूक खलाशी खयचे होते?"

यावर सराफाकडे उत्तर नव्हतं. खलाशी मालवणचेच होते.

वाऱ्याचं गणित, घाटाच्या भाषेत

शिडाच्या होडीविषयी सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असा, की वारा समोरून असेल तर काय करता? उत्तर असं की सरळ जाताच येत नाही. वाऱ्याच्या तोंडाशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून एकदा डावीकडे, मग वळण घेऊन तेवढंच उजवीकडे, असं नागमोडी जावं लागतं. फोंडा घाट चढलेल्या माणसाला हे पटकन कळतं. गाडी डोंगर सरळ चढत नाही, वळणावळणानं चढते. फरक इतकाच की घाटात रस्ता कुणीतरी बांधून ठेवलेला असतो. इथं प्रत्येक वळणावर शिडाचा खालचा आडवा दांडा डोक्यावरून सपकन दुसऱ्या बाजूला जातो. वाकायला विसरलेल्या माणसाच्या कपाळावर तो आठवण ठेवून जातो. आमच्या पाचांपैकी चौघांना ती आहे.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून उलटा. पाच मार्कांचा प्रश्न. पाठ करताना एकदाही वाटलं नव्हतं की कधीकाळी या पाच मार्कांवर आपण घरी पोचणार की नाही ते अवलंबून असेल. इंजिनं नव्हती तेव्हा कोकणातला मच्छीमार पहाटेच्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचा आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर भरलेली होडी घेऊन परत यायचा. मधे सकाळी एक वेळ अशी असते की एक वारा थांबलेला असतो आणि दुसरा सुरू झालेला नसतो. नेमक्या त्या वेळेला आम्ही कोल्हापूरहून पोचून, नाश्ता करून, होडी पाण्यात लोटतो.

भरती-ओहोटीचं गणित त्याहून वरचढ. तात्यांनी ते आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहाला. एकादशीला सव्वाआठला. भरती रोज साधारण पाऊण तास पुढं सरकते, चंद्र सरकतो तशी, म्हणून हा हिशेब जमतो. दुसरी भरती त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा चढउतार कमी.

आमच्यातल्या सीएनं लगेच हिशेब तपासला. पंधरावी तिथी म्हणजे सव्वाअकरा आणि लगेच दुसऱ्या दिवशी प्रतिपदा म्हणजे पाऊण? एका दिवसात दीड तासाची उडी? तात्या म्हणाले, "समुद्राक तुमचा इतका बारीक हिशेब जमणा नाय. तुमी थोडा हय-थय करा." सीएला हे उत्तर आवडलं. त्याच्या धंद्यातही शेवटी हेच करतात.

तेव्हापासून घरातल्या कॅलेंडरची किंमत वाढली. एरवी आम्ही त्यात सुट्ट्या पाहायचो. आता तिथी बघतो आणि मनात पाऊणपट करतो. माझी आई आनंदली की मुलगा एकादशी बघायला लागला. तिला मी खरं सांगितलेलं नाही. त्यातून आणखी एक पेच निघाला. पौर्णिमेला उधाणाची भरती असते, होडी खाडीतून काढायला पाणी भरपूर. आणि त्याच दिवशी फाउंड्रीवाल्याला जोतिबाला जावं लागतं, घराण्याचा नेम आहे. त्यामुळे वर्षातल्या बारा उत्तम भरत्या आमच्याकडून आधीच देवाला गेलेल्या असतात.

उद्यमनगरातली पिन

होडीत इंजिन नाही, गिअर नाही, वायरिंग नाही, तेव्हा बिघडायला काय असणार, असा आमचा अंदाज होता. सुकाणू होडीच्या मागच्या फळीवर दरवाज्यासारखं बिजागऱ्यांत टांगलेलं असतं. त्या बिजागरीतली एक पिन पहिल्याच हंगामात तुटली. सुकाणू हातात आलं. शब्दशः. आमचा मित्र ते हातात धरून विचारत होता, "आता कुठं धरू?"

पिन मिळेना. मालवणात म्हणाले मुंबईत मिळेल. मुंबईत म्हणाले मागवावी लागेल. हे ऐकून फाउंड्रीवाल्याचा स्वाभिमान जागा झाला. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तेलाच्या इंजिनापासून हवं ते बनतं, आणि एक पिन मागवायची? तो तुटका तुकडा खिशात घालून लेथवाल्याकडे गेला. मीही गेलो. लेथवाल्यानं तुकडा व्हर्नियरमध्ये धरला, कागदावर चार आकडे लिहिले आणि विचारलं, "किती नग?"

"एक."

त्यानं चष्म्यावरून पाहिलं. उद्यमनगरात एक नग म्हणजे एखाद्या लग्नाच्या जेवणावळीत एकच पुरी मागण्यासारखं. "कशाला लागतीय?" सांगितलं. त्यानं लेथ बंद केला, दोन्ही कारागिरांना बोलावलं आणि आम्हाला होडीचं सगळं पुन्हा सांगायला लावलं. अर्ध्या तासानं पिन तयार झाली, गुळगुळीत, चकचकीत, मुळापेक्षा देखणी. पैसे घेतले नाहीत. फिरायला न्यायचं कबूल करून घेतलं.

पिन ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची होती. कोल्हापुरात ३०४ ला गंज चढत नाही, दुधाची किटलीसुद्धा वर्षानुवर्षं तशीच राहते. समुद्रावर तीन महिन्यांत तिच्यावर तपकिरी ठिपके पडले. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड ३०४ ला बारीक भोकं पाडतं. समुद्रासाठी ३१६ लागतं, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते या भोकांना अडवतं. हे फाउंड्रीवाल्याला माहीत होतं. दोन पिढ्यांचा धंदा आहे त्याचा. पण इतक्या छोट्या पिनेला कोण बघतंय, असं त्याला वाटलं. समुद्र बघतो.

दुसरा धडा डोलकाठीनं दिला. काठी ॲल्युमिनिअमची, तिच्यावर आम्ही हौसेनं स्टीलचे स्क्रू मारले. दोन वेगळे धातू, मधे खारं पाणी, म्हणजे दहावीच्या पुस्तकातला विद्युतघट. त्यात ॲल्युमिनिअमचा बळी जातो. स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमली आणि एक दिवस स्क्रू त्याच्या भोकासकट बाहेर आला. आमचा आत्ताचा हिशेब असा आहे, की एक तास होडी चालवायला आठ तास होडीची सेवा करावी लागते. त्यात घासणं आलं, धुणं आलं, दोर सोडवणं आलं. कुणी दोर नीट गुंडाळून ठेवलाच, तर दुसऱ्या दिवशी तो रात्रीत स्वतःहून गुंतलेला असतो. यावर विज्ञानाकडे काय उत्तर आहे ते मी शोधतोय.

कागदपत्रांचंही एकदा झालं. एका कार्यालयात आम्हाला अर्ज भरायला दिला. त्यात इंजिनाचा क्रमांक मागितला होता. आम्ही लिहिलं, इंजिन नाही. कारकून म्हणाला, रिकामं ठेवता येत नाही. आम्ही लिहिलं, वारा. त्यानं बराच वेळ विचार केला, मग खोडून "लागू नाही" असं लिहिलं आणि हसला. भला माणूस होता.

उलटी होडी

होडी उलटते. ही बातमी घरी सांगायची नसते. या छोट्या होड्या उलटायच्याच असतात, आणि परत सरळ करता याव्यात अशाच बांधलेल्या असतात. वाऱ्याचा एक जोरदार झोत आला, बाजूला बसलेल्यानं वेळेवर मागं वजन टाकलं नाही, की शीड पाण्यावर आडवं पडतं. आमचा पाचवा भागीदार लहानपणी तालमीत जायचा. तो याला चितपट म्हणतो.

उठवायचं तंत्र असं, की आडव्या पडलेल्या होडीच्या पोटातून मधली फळी बाहेर आलेली असते. त्या फळीवर उभं राहायचं, वरचा काठ दोन्ही हातांनी धरायचा आणि मागं झुकायचं. आधी काहीच होत नाही. मग काठी पाण्यातून हलकेच सुटते, आणि होडी इतक्या चपळाईनं सरळ होते की फळीवरचा माणूस मागं पाण्यात पडतो. मग वर चढायचं. मग उपसायचं. एंटरप्राइज उलटली की तिच्यात भरपूर पाणी भरतं, बादल्याच्या बादल्या. आम्ही गोडेतेलाचा पाच लिटरचा कॅन तिरका कापून उपसायला ठेवला आहे. पहिल्या वेळी तो नव्हता, तेव्हा रस्सा वाढायच्या वगराळ्यानं पाणी उपसलं. त्याला पाऊण तास लागला आणि किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या मंडळींचं कामही तितका वेळ बंद पडलं.

तरंगतं जाकीट मात्र आम्ही कधीही काढत नाही. तात्यांची पहिली आणि एकमेव अट तीच होती. जाकीट काढलेलं दिसलं तर होडी मांगरात आणि चावी त्यांच्याकडे. होडीला चावी नसते हे त्यांना माहीत आहे.

चुकीचा नकाशा, देशावरचं स्वप्न

हौशी माणसाला धीर देणाऱ्या गोष्टी हव्या असतात. आमच्याकडे दोन आहेत.

पहिली मुंबईची. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा बोटीवरचा तरुण इंग्रज अधिकारी साठच्या दशकात मुंबईत असायचा. त्यानं आणि सोबत्यांनी एका होडीचे नकाशे इंग्लंडहून मागवले. आले ते भलत्याच, जुन्या घाटाच्या होडीचे. परत पाठवायला वेळ नाही, पैसा नाही. मग कुलाब्यात इथल्याच सुतारांनी वाकस चालवून, सागवानातून बत्तीस फुटांची तीच होडी बांधली. नाव ठेवलं सुहेली. १४ जून १९६८ ला तिच्यातून तो एकटा इंग्लंडहून निघाला आणि कुठंही न थांबता पृथ्वीला फेरा घालून २२ एप्रिल १९६९ ला परतला. त्या शर्यतीत नऊजण उतरले होते. पोचला तो एकटाच. आमचा फाउंड्रीवाला ही गोष्ट आपल्या ३०४ च्या पिनेच्या समर्थनार्थ सांगतो. चुकीचा माल आला तरी काम होतं, असं त्याचं म्हणणं. पण सुहेलीचं सागवान चुकीचं नव्हतं.

दुसरी गोष्ट आमच्या घराजवळची आहे. भारतीयानं एकट्यानं शिडाच्या होडीतून जगप्रदक्षिणा करावी, हे स्वप्न व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचं. १९७१ च्या युद्धातले वीरचक्र मिळवलेले दर्यावर्दी. निवृत्तीनंतर ते राहत होते ते फलटणजवळच्या विंचुर्णीत, म्हणजे चांगलं देशावर, समुद्रापासून घाटापलीकडे. तिथून त्यांनी हे चाक फिरवलं. होडी बांधली गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी. छप्पन्न फुटी, नाव म्हादेई. नौदलातले दिलीप दोंदे होडीच्या बांधणीपासून तिच्यासोबत राहिले, नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडेही शिकले. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघून, वाटेत चार बंदरं घेऊन, ते १९ मे २०१० ला परत आले. पुढं त्याच म्हादेईतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठंही न थांबता फेरी पुरी केली.

दिवाडीला मी मुद्दाम जाऊन आलो. मांडवीवर फेरीबोटीत उभं राहून समोरचं बेट बघताना वाटलं, जगप्रदक्षिणा अशा ठिकाणाहून निघते जिथं पोचायलाच आधी होडी लागते. विंचुर्णीचं तसं नाही. तिथं एसटी जाते. दोन्ही ठिकाणी मी गेलो आणि दोन्हीकडे जास्त काळ रेंगाळलो ते विंचुर्णीच्या वाटेवर. उसाचं रान, लिंबाची झाडं, धूळ. इथं बसून एका माणसानं दक्षिण महासागरातल्या लाटांची काळजी केली असणार. कोल्हापूरहून पाडव्याच्या भरतीची काळजी करणाऱ्याला हे ओळखीचं वाटलं, इतकंच.

२६ मे

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या जलक्रीडा २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात. यांत्रिक मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै बंदी असते. आम्ही दोन्हीत बसत नाही, पण तात्यांची बंदी सगळ्यांत कडक. मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन येतो, "होडी वर घेवा." मग आम्ही पाचजण सुट्टी काढून जातो, डोलकाठी उतरवतो, शीड गोड्या पाण्यात धुऊन घडी घालतो, तळ खरवडतो आणि होडी मांगरात उलटी करून ठेवतो.

पहिल्या वर्षी आम्ही ती माडाखाली ठेवली होती. जागा सावलीची, दिसायला छान, फोटोही काढले. जुलैत तात्यांचा फोन आला. नारळ पडला. फायबरला थेट भोक. कोल्हापूरकराच्या डोक्यात माड म्हणजे कॅलेंडरावरचं चित्र, त्यातून काही पडतं हे त्याला कळायला होडीच लागते. यंदा मांगरात एका कोंबडीनं होडीखाली अंडी घातली आणि उबवायला बसली. तात्या म्हणाले, पिल्लं बाहेर येईपर्यंत होडी हलवायची नाही. नारळी पौर्णिमेला बंदरावर सोन्याचा नारळ वाहिला गेला, ढोलताशे झाले, मालवणच्या होड्या समुद्रावर गेल्या. आमची होडी कोंबडीच्या ताब्यात राहिली.

आता पाडवा आहे. कार्तिक शुद्ध प्रतिपदा. एक गुणिले पाऊण. दुपारी पाऊण वाजता भरती. हंगामातली पहिली फेरी तेव्हा काढायची असं आमच्या गटावर ठरलं, तीन विरुद्ध दोन मतांनी. फाउंड्रीवाला विरोधात होता. त्याच्या घरी म्हैस आहे, तिची शिंगं रंगवून झाली आहेत, पाडव्याला तिला बाहेर काढली नाही तर गल्लीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही. त्याच्या आईनं फोन घेऊन मलाच सुनावलं. "आमची म्हस हाक मारली की येती. तुमची होडी येती का?"

मी म्हटलं, "नाही काकू. तिला भरतीच लागते."

"मग बांधा तिला दाव्याला," म्हणाल्या.

रात्री उशिरा फाउंड्रीवाल्याचा निरोप आला. म्हैस सकाळी सातला फिरवतो. आठला निघू. फोंड्यात कुठंही चहाला थांबायचं नाही. पाऊणला होडी पाण्यात. पिन घेतलीय, ३१६ ची. दोन नग.